डेथ मॅग्नेटिक : रिफ परत आले, मधली मोकळी जागा नाही आली

सहावी_तार :

मेटॅलिका या अमेरिकन हेवी मेटल बँडचा 'डेथ मॅग्नेटिक' १२ सप्टेंबर २००८ ला आला. तेव्हापासून हा अल्बम किती वेळा लावला याला गणती नाही, आणि दर वेळी विसाव्या-पंचविसाव्या मिनिटाला माझं तेच होतं. मन म्हणतं अजून हवं, कान म्हणतात आता पुरे. असं का होतं ते गेल्या आठवड्यात जुने अल्बम शेजारी ठेवून नीट तपासलं. तेच इथे मांडतोय. लांबलचक आहे, पण विषय जिव्हाळ्याचा आहे.

पार्श्वभूमी बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून भरभर. १९८३ ते १९८८ या काळातले चार अल्बम म्हणजे आपण जिला 'जुनी मेटॅलिका' म्हणतो ती. १९९१ च्या काळ्या अल्बमपासून ('मेटॅलिका' नावाचा, काळ्या मुखपृष्ठाचा) बॉब रॉक प्रोड्यूसर म्हणून आला, गाणी आटोपशीर झाली, लय उतरली. 'लोड' आणि 'रिलोड'मध्ये तारा अर्ध्या स्वराने खाली उतरवल्या. मग २००३ चा 'सेंट अँगर' : तारा आणखी ढिल्या, गिटारवादक कर्क हॅमेटचा एकही सोलो (एकट्याने पुढे येऊन वाजवलेला तुकडा) नाही, स्नेअर ड्रम रिकाम्या डब्यासारखा टणटणणारा. त्याच्या आधी बासवादक जेसन न्यूस्टेड बँड सोडून गेलेला, गायक-गिटारवादक जेम्स हेटफील्ड व्यसनमुक्तीसाठी बाहेर पडलेला. बँड टिकतोय की नाही हाच प्रश्न होता.

तिथून पाच वर्षांनी 'डेथ मॅग्नेटिक'. बॉब रॉकच्या जागी रिक रुबिन. बासवर रॉबर्ट ट्रुहियो, त्याचा मेटॅलिकासोबतचा हा पहिलाच स्टुडिओ अल्बम. आणि एक गोष्ट फारशी बोलली जात नाही : २००६ मध्ये 'मास्टर ऑफ पपेट्स'ला वीस वर्षं झाली म्हणून त्यांनी तो अख्खा अल्बम मंचावर वाजवला होता. त्यातल्या शब्दांविना 'ओरायन'सकट. म्हणजे नवी गाणी बांधली जात होती त्याच काळात त्यांची बोटं जुन्या वाटांवरून रोज चालत होती. रुबिनने त्यांना जुन्या कामाकडे पुन्हा बघायला सांगितलं हे खरंच आहे, पण माझ्या मते अर्धं काम त्या मैफिलींनी केलं. सांगून आठवत नाही ते हाताला वाजवून आठवतं.

आता कानाला काय कळतं ते. अल्बम सुरू होतो हृदयाच्या ठोक्यांनी. मग स्वच्छ, खरखर न मिसळलेली गिटार, एकेक स्वर सुटा. मग सगळे एकदम तुटून पडतात. 'मास्टर ऑफ पपेट्स'मधलं पहिलं गाणं 'बॅटरी' आठवतंय ना? तीच रीत. बहुतेक गाण्यांत तारा पुन्हा मूळ पट्टीत, खालची तार 'ई'ला. चौथं गाणं 'द डे दॅट नेव्हर कम्स' संथ सुरू होऊन शेवटी सुसाट सुटणारं, जसं जुन्या अल्बमांत चौथ्या क्रमांकावर 'फेड टु ब्लॅक' होतं, 'सॅनिटेरियम' होतं, 'वन' होतं. शेवटून दुसरं 'सुइसाइड अँड रिडेम्प्शन', दहा मिनिटांना तीन सेकंद कमी, एकही शब्द नाही. 'ओरायन' आणि 'टु लिव्ह इज टु डाय' आपापल्या अल्बममध्ये शेवटून दुसरेच. आणि समारोपाला सगळ्यात आखूड आणि सगळ्यात तापलेलं 'माय अपोकॅलिप्स', 'मास्टर ऑफ पपेट्स'च्या शेवटच्या 'डॅमेज, इंक.'च्या जागी. मुखपृष्ठावर जुना, टोकदार अक्षरांचा लोगोसुद्धा परत आला.

एवढं सगळं परत आलं, आणि मनापासून आलं असं मी मानतो. 'ऑल नाइटमेअर लाँग'मधला मुख्य रिफ, म्हणजे परत परत येणारा गिटारचा तुकडा, घ्या. तो एकदा वाजतो, मग थोडा मोडून वाजतो, मग त्याच्या शेपटाला नवा तुकडा जोडला जातो आणि तो तुकडाच पुढचा रिफ होतो. १९८६ ची, 'मास्टर ऑफ पपेट्स'ची रचना अशीच चालायची. एक रिफ दुसऱ्याला जन्म द्यायचा. 'सेंट अँगर'मध्ये रिफ एकामागे एक नुसते उभे होते.

मग कान का थकतात? कारण अल्बमचा आवाज ठासून भरलेला आहे. सुरुवातीचं नाजूक वाजणं आणि नंतरचा कडकडाट यांच्यात अंतरच उरत नाही. 'मास्टर ऑफ पपेट्स'मध्ये गिटार थांबते तेव्हा खोलीतली हवा ऐकू येते, पुढचा आघात त्या हवेत पडतो. इथे पडायला जागाच नाही.

माझं म्हणणं एवढंच, की बँड जुन्या आवाजाकडे परतला म्हणताना आपण फक्त रिफ, लय आणि सोलो मोजतो. रिफांच्या मधली मोकळी जागा मोजत नाही, आणि जुना आवाज निम्मा तिथे होता. तुमचं काय मत?

ठेका :

धागा छान. ड्रम वाजवणाऱ्याच्या बाजूने थोडं.

'सेंट अँगर'च्या स्नेअरला इतक्या शिव्या पडल्या, पण तिथे नेमकं काय झालं होतं ते लक्षात घ्या. स्नेअरच्या खालच्या कातड्याला ताणलेल्या तारा असतात. त्या कातड्याला टेकलेल्या असल्या की 'चर्रर्र' असा कडक आवाज येतो, खटका ओढून सोडवल्या की नुसतं धातूचं पिंप वाजतं. मेटॅलिकाचा ड्रमर लार्स उलरिकने त्या सोडवूनच वाजवलं. 'डेथ मॅग्नेटिक'मध्ये तारा परत टेकल्या, आणि मला पहिल्या गाण्यात पहिला स्नेअर पडला तेव्हा खरंच बरं वाटलं होतं.

पण पुढे तुम्ही म्हणता तेच. 'ब्रोकन, बीट अँड स्कार्ड'मध्ये बास ड्रम आणि गिटार एकत्र येतात तिथे बास ड्रमचा ठोका ऐकू येत नाही, फुटतो. चामड्यावर पडलेला घाव आणि फाटलेला कागद यात फरक असतो. मी हे गाणं बसवताना ठोके नक्की कुठे आहेत हे मूळ ध्वनिमुद्रणावरून कळेना म्हणून मैफिलीतलं ध्वनिमुद्रण शोधून ऐकलं. तिथे सगळं लख्ख होतं.

निळी_कॅसेट :

मी विरुद्ध बाजूने लिहिते. राग मानू नका.

तुम्ही स्वतःच यादी दिलीत : चौथ्या जागी संथ गाणं, नवव्या जागी शब्दांविना, शेवटी आखूड आणि वेगवान, जुना लोगो. मला तीच यादी खुपते. १९८४ मध्ये 'फेड टु ब्लॅक' चौथ्या क्रमांकावर आलं तेव्हा ते धाडस होतं. थ्रॅश (अतिवेगवान मेटल) बँडने ध्वनिक गिटार हातात घेऊन मरणाबद्दल गाणं हे त्या वेळच्या कट्टर चाहत्यांना सहन झालं नव्हतं. त्या जागेवर २००८ मध्ये तशाच बेताचं गाणं ठेवणं हे धाडस नाही. ती सोय झाली. सुरुवातीची मेटॅलिका कोणाकडे परतत नव्हती, ती पुढे पळत होती. मागे वळून बघणारा अल्बम त्या वृत्तीच्या नेमका उलटा आहे.

आणि हो, मी 'सेंट अँगर'च्या बाजूची आहे. तो कानाला त्रास देतो, पण त्या चार माणसांचं त्या वर्षी जे झालं होतं तेच त्यात आहे. ऐकताना मला कुणीतरी बंद दारावर आतून धडका मारतंय असं वाटतं. तसं 'डेथ मॅग्नेटिक'मध्ये एकदाही वाटलं नाही.

सहावी_तार :

निळी_कॅसेट, राग कसला, हेच ऐकायला धागा काढला. वृत्तीचा मुद्दा मान्य. पण एक सांगा, 'फेड टु ब्लॅक'नंतर दोनच वर्षांनी त्याच जागेवर 'सॅनिटेरियम' आलं, तेव्हा तीही सोय होती का? माझ्या मते ती त्यांची बांधणी होती. अल्बमच्या पहिल्या बाजूचा शेवट कुठे करायचा याची समज. एलपीची बाजू चौथ्या गाण्याला संपायची. ती बाजू संपताना श्रोता उठून तबकडी उलटणार, तर त्याला कुठे सोडायचं, याचं ते उत्तर होतं.

हे लिहिताना मात्र जाणवलं की २००८ मध्ये बहुतेकांकडे तबकडी उलटायची राहिलीच नव्हती. सीडीवर चौथ्या गाण्यानंतर पाचवं लगेच सुरू होतं. म्हणजे जागा परत आली, जागेमागचं कारण गेलं. तुमच्या बाजूला एक गुण.

मंद्रसप्तक :

ध्वनिमुद्रणाच्या क्षेत्रात काम करतो, म्हणून 'ठासून भरलेला' याचा अर्थ सोप्या शब्दांत सांगतो.

डिजिटल ध्वनीला एक छत असतं. त्याच्या वर आवाज जाऊच शकत नाही. समजा तुमच्या गाण्यात सर्वात मोठा आघात त्या छताला टेकतोय आणि बाकीचं वाजणं बरंच खाली आहे. आता गाणं एकूण मोठं ऐकू यावं असं वाटतं. छत तर वर सरकत नाही. मग आघातांची टोकं दाबायची आणि उरलेलं सगळं वर उचलायचं. थोडं दाबलं तर कानाला कळतही नाही, उलट वाजणं एकसंध वाटतं. खूप दाबलं की प्रत्येक ठोक्याचं टोक सपाट कापलं जातं. पडद्यावर तरंग बघितला तर डोंगरांच्या जागी विटांची भिंत दिसते. कापलेल्या टोकाच्या जागी जो करकर आवाज येतो, तोच ठेका यांना ऐकू आलेला फाटका कागद.

'डेथ मॅग्नेटिक'च्या बाबतीत ही भिंत उघड झाली ती एका व्हिडिओ गेममुळे. 'गिटार हिरो'साठी हीच गाणी दिली गेली होती, आणि खेळात प्रत्येक वाद्य वेगळं लागतं म्हणून ती शेवटच्या दाबणीच्या आधीची होती. लोकांनी दोन्ही शेजारी ठेवली. सीडी साधारण दहा डेसिबलने मोठी, पण खेळातल्या आवृत्तीत ड्रम श्वास घेत होते. हजारो चाहत्यांनी अल्बम पुन्हा मिक्स करा, म्हणजे सगळी वाद्यं पुन्हा जुळवून एकत्र करा, अशा मागणीवर सह्या केल्या. मास्टरिंग, म्हणजे तयार मिक्सवर शेवटचा हात फिरवण्याचं काम, करणारे टेड जेन्सन यांनीही सांगितलं की त्यांच्याकडे आलेलं मिक्सच आधी भिंतीसारखं दाबलेलं होतं. हे महत्त्वाचं आहे, कारण आपण सरसकट मास्टरिंगला दोष देतो. इथे घाव आधीच्या टप्प्यावरच पडला होता.

आणि आवाज कमी करून ऐकल्याने हे बरं होत नाही, हे अनेकांना पटत नाही. घरचं बटण सगळंच सारख्या प्रमाणात खाली आणतं. कापलेलं टोक कापलेलंच राहतं.

१९८६ मध्ये हे करताच आलं नसतं का? काही अंशी नाही. एलपीची खाच ही खरीखुरी खाच असते. आवाज जितका मोठा तितकी ती रुंद, तितकं एका बाजूवर कमी मावतं, आणि फार झालं तर सुई उडते. म्हणजे माध्यमच हात धरायचं. 'मास्टर ऑफ पपेट्स' आठ गाण्यांचा, पंचावन्न मिनिटांच्या आत. 'डेथ मॅग्नेटिक' दहा गाण्यांचा आणि पंचाहत्तर मिनिटांना थोडा कमी. मोकळी जागा लांबीतही गेली आणि उंचीतही.

रात्रपाळी :

मंद्रसप्तक, फार उपयोगी प्रतिसाद. घरचं बटण खाली करून उपयोग नाही हे आज कळलं. इतकी वर्षं माझ्या स्पीकरमध्ये बिघाड आहे असंच समजत होतो.

उजवा_हात :

गिटार शिकते आहे, तीन वर्षं झाली. मला या धाग्यात एक गोष्ट राहून गेली असं वाटतं, ती म्हणजे हेटफील्डचा उजवा हात.

'मास्टर ऑफ पपेट्स' या गाण्याची गती मिनिटाला २१० ठोक्यांच्या पुढे आहे. प्रत्येक ठोक्यात दोन आघात, आणि ते सगळे वरून खाली. खाली-वर असा हात हलवला तर निम्मे कष्ट, पण आवाज वेगळा येतो. वरच्या दिशेचा आघात हलका पडतो आणि रिफ डोलायला लागतो. सगळे खाली मारले की प्रत्येक स्वर सारख्या वजनाचा, खिळा ठोकल्यासारखा. हिशोब केला तर सेकंदाला सात खिळे. मी पहिल्यांदा पूर्ण गाणं त्या गतीने वाजवायचा प्रयत्न केला तेव्हा दुसऱ्या कडव्याच्या आत कोपराखाली दगड झाला होता. मनगट ताठ धरलं म्हणून. हात सैल ठेवून, पिक तारेत जेमतेम रुतेल एवढाच ठेवायचा असतो, आणि तळहाताची कड ब्रिजजवळ (तारा जिथे टेकवलेल्या असतात तिथे) तारांवर टेकवून स्वर मुका करायचा. ती कड एक बोटभर पुढे सरकली तर स्वर मरतो, मागे सरकली तर मोकळा सुटतो. 'जुना आवाज' माझ्या लेखी त्या बोटभर जागेत आहे.

'डेथ मॅग्नेटिक'मध्ये तो हात परत आलाय. 'द एंड ऑफ द लाइन' आणि 'द जुडास किस' वाजवून बघा. काळ्या अल्बमनंतर त्याच्या हाताला इतकं काम पडलंच नव्हतं. तेव्हा हेटफील्ड पंचेचाळीस वर्षांचा होता. म्हणून निळी_कॅसेट यांच्याशी मी असहमत आहे. गाण्यांचा क्रम सोय म्हणून ठरवता येतो, पण सेकंदाला सात खिळे सोय म्हणून ठोकता येत नाहीत.

निळी_कॅसेट :

उजवा_हात, हे असं मी कधी ऐकलंच नव्हतं. आज रात्री 'जुडास किस' फक्त उजव्या हातासाठी ऐकते.

पण मग गळ्याचं काय? हात परत येऊ शकतो, गळा येत नाही. काळ्या अल्बमच्या काळात हेटफील्डचा आवाज फाटला आणि तो गाणं शिकायला गेला, त्यानंतर पहिल्या अल्बममधला, 'किल 'एम ऑल'मधला तो किंचाळणारा पोरसवदा आवाज कायमचा संपला. 'डेथ मॅग्नेटिक'मध्ये तरुण रिफांवर मध्यमवयीन माणूस गातो. मला तीच या अल्बममधली सर्वात खरी गोष्ट वाटते, आणि नेमकी ती जुनी नाही.

घंटा_आणि_पाऊस :

विषय थोडा रुंदावतो. याच रिक रुबिनने पाच वर्षांनी हाच प्रयोग ब्लॅक सॅबथ या ब्रिटिश बँडवर केला, आणि ज्यांना 'परतणं' या गोष्टीत रस आहे त्यांनी हे दोन अल्बम शेजारी ठेवून ऐकावेत.

'१३' हा अल्बम जून २०१३ मध्ये आला. ऑझी ऑस्बर्न गायक असलेला सॅबथचा आधीचा स्टुडिओ अल्बम १९७८ चा. मधे पस्तीस वर्षं. रुबिनने त्यांना बसवून त्यांचा १९७० चा पहिला अल्बम ऐकवला आणि याच्या पुढचा अल्बम करायचाय असं समजा, असं सुचवलं. आता तो पहिला अल्बम कसा झाला होता? ऑक्टोबर १९६९ मध्ये, साधारण एका दिवसात. चौघं खोलीत उभे राहिले आणि मंचावर वाजवतात तसं वाजवलं. त्यात हेवी मेटल असं काही ठरवलेलं नव्हतं. ब्लूज वाजवणारी बर्मिंगहॅमची कामगार वस्तीतली पोरं होती, आणि गिटारवादक टोनी आयोमीच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोकं कारखान्यात कापली गेलेली. तो डावखुरा, म्हणजे ती तारा दाबायची बोटं. टोकांवर स्वतः बनवलेल्या टोप्या चढवून तो वाजवायचा. त्या जड, संथ आवाजामागे हे सगळं आहे.

'१३' ध्वनिमुद्रित होत असताना आयोमीवर कर्करोगाचे उपचार चालू होते. रिफ तरीही पहिल्यासारखेच डोंगरासारखे सरकतात. अल्बमचं शेवटचं गाणं 'डिअर फादर' संपतं आणि पाऊस सुरू होतो, ढग गडगडतात, घंटा वाजते. पहिल्या अल्बमचं पहिलं गाणं जिथून सुरू झालं होतं तिथेच. मी पहिल्यांदा ते ऐकलं तेव्हा हेडफोन काढून काही वेळ नुसता बसलो होतो.

त्रेचाळीस वर्षांत पहिल्यांदा, 'पॅरानॉइड'नंतर, त्यांचा अल्बम ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेला. अमेरिकेत तर कारकिर्दीत पहिल्यांदाच.

ठेका :

घंटा_आणि_पाऊस, तो शेवट मलाही फार भिडतो. पण '१३'मध्ये एक माणूस नाही आणि त्याच्याशिवाय तो जुना आवाज होऊच शकत नाही. मूळ ड्रमर बिल वॉर्ड. कराराच्या वादातून तो बाहेर राहिला आणि ड्रमवर रेज अगेन्स्ट द मशीनचा ब्रॅड विल्क आला. विल्क उत्तम वाजवतो, चूक एक नाही. पण वॉर्ड जॅझ ऐकून वाढलेला. त्याचा हात ठोक्याच्या किंचित मागे-पुढे झुलतो. 'वॉर पिग्ज'मध्ये गिटार थांबते आणि हाय-हॅट (पायाने मिटणारी झांजांची जोडी) एकटीच चालू राहते, तिथे तो नुसते ठोके मोजत बसलेला नाही. तो बोलतोय. विल्कच्या ठोक्यावर आयोमीचा रिफ चालतो, वॉर्डच्या ठोक्यावर तो झुकतो.

म्हणून सहावी_तार यांच्या मुद्द्यात मी भर घालेन : मोकळी जागा फक्त मिक्समध्ये नसते. ती माणसा-माणसांच्या वाजवण्यात असते. एक जण थोडा उशिरा येतो, दुसरा त्याची वाट बघतो.

घंटा_आणि_पाऊस :

ठेका, अगदी मान्य. आणि म्हणूनच ५ जुलै २०२५ ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर चौघं मूळ सभासद एकत्र आले तेव्हा मी आधी बिल वॉर्डकडेच बघत होतो. ऑझी सिंहासनासारख्या खुर्चीत बसून गायला, उभं राहता येत नव्हतं. 'वॉर पिग्ज'ची हाय-हॅट सुरू झाली. वॉर्डचे हात म्हातारे झाले होते आणि झुलणं तेच होतं. सतरा दिवसांनी ऑझी गेला. त्या दिवशी मेटॅलिकानेही सॅबथची दोन गाणी वाजवली होती, हे या धाग्यात नोंदवून ठेवावंसं वाटतं.

निळी_कॅसेट :

आणखी एक उदाहरण, परतणं फसल्याचं. ब्रिटिश मेटल बँड आयर्न मेडन, १९९०, 'नो प्रेयर फॉर द डाइंग'. आधीच्या दोन अल्बमांत सिंथेसायझर आला होता, रचना भव्य झाल्या होत्या. मग ठरलं की साधं, रांगडं वाजवायचं. बासवादक स्टीव्ह हॅरिसच्या एसेक्समधल्या घराच्या आवारात, कोठारात, फिरत्या स्टुडिओची गाडी उभी करून ध्वनिमुद्रण केलं. गिटारवादक एड्रियन स्मिथला हा मागे जाण्याचा बेत पटला नाही, तो बाहेर पडला. अल्बम आला तो खरखरीत, पण त्यात पहिल्या दोन अल्बमांची भूक नव्हती. कोठारात वाजवलं म्हणून भूक येत नाही.

गंमत अशी की मेडनचं खरं परतणं २००० मध्ये झालं. गायक ब्रूस डिकिन्सन आणि एड्रियन स्मिथ दोघंही परत आले, 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' केला, आणि तो पहिल्या अल्बमसारखा मुळीच नाही. तीन गिटारी, लांब गाणी. कोणी जुना आवाज शोधत नव्हतं. माणसं परत आली होती.

सहावी_तार :

निळी_कॅसेट, दुसरा गुणही तुमचाच. 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' या चर्चेत मला सुचलाच नव्हता. आणि याच न्यायाने बघितलं तर मेटॅलिकाकडे परत येणारं माणूस नव्हतं. त्यांचा बासवादक क्लिफ बर्टन २७ सप्टेंबर १९८६ ला स्वीडनमध्ये बस उलटून गेला. 'ओरायन'मधलं मधलं संथ वळण, जिथे बास एकटा चालत जातो आणि गिटारी हळूच त्याच्या मागून येतात, ते क्लिफचं. 'सुइसाइड अँड रिडेम्प्शन' ऐकताना मी दर वेळी त्या वळणाची वाट बघतो. मध्यावर गिटारी खरंच शांत होतात, सूर उलगडतो, चांगला आहे. पण बास एकटा चालत जात नाही.

पहिला_अल्बम_हाच :

बरेच दिवस नुसता वाचत होतो, हा पहिलाच प्रतिसाद.

मी मेटॅलिका 'डेथ मॅग्नेटिक'पासून ऐकायला लागलो. शाळेत होतो. मोठ्या भावाच्या संगणकावर 'ऑल नाइटमेअर लाँग' होतं. तेव्हा मला 'मास्टर ऑफ पपेट्स' माहीत नव्हता, मिक्स म्हणजे काय हेही माहीत नव्हतं. आठ मिनिटांचं गाणं असू शकतं, त्यात पाच वेळा रस्ता बदलू शकतो आणि तरी ते एकच गाणं राहू शकतं, एवढं कळलं आणि वेड लागलं. तो फुटका आवाज मला त्या गाण्याचाच भाग वाटायचा. पुढे मागे मागे जात १९८६ पर्यंत पोचलो. पहिल्यांदा 'मास्टर' ऐकला तेव्हा खरं सांगू का, बारीक वाटला. आवाज कुठे गेला असं वाटलं. दोन-तीन आठवडे लागले. मग एका रात्री दिवे घालवून ऐकताना 'सॅनिटेरियम'च्या सुरुवातीचे ते घंटेसारखे स्वर एकेक करून विरताना ऐकू आले आणि कळलं की आवाज कुठेच गेला नव्हता, मला विरणं ऐकायची सवय नव्हती.

त्यामुळे तुम्हा सगळ्यांसाठी तो परतण्याचा अल्बम असेल. माझ्यासाठी जाण्याचा होता. त्याच्याशिवाय मी तिकडे गेलोच नसतो.

मंद्रसप्तक :

पहिला_अल्बम_हाच, लिहीत राहा. 'विरणं ऐकायची सवय' हे आमच्या कामातलं अर्धं शिक्षण आहे.

उजवा_हात :

+१. आणि दादा, आता 'ओरायन' दिवे घालवून ऐक.

सहावी_तार :

वरचा प्रतिसाद वाचून काल रात्री एक केलं. दोन्ही अल्बम मोजणीच्या कामासाठी नाही, नुसते ऐकले. आधी 'डेथ मॅग्नेटिक', आणि या वेळी पहिल्या गाण्याच्या सुरुवातीला थांबलो. हृदयाचे ठोके. ते इतके हळू आहेत की मी नेहमी आवाज वाढवतो, आणि मग बँड येतो तेव्हा धावत जाऊन कमी करतो. काल हात लावला नाही. ठोके जेमतेम ऐकू येत होते. मग ती सुटी गिटार. या पहिल्या काही सेकंदांत अल्बममध्ये मोकळी जागा आहे, पूर्ण आहे, १९८६ सारखीच. ती संपते तो क्षणही ऐकला. स्नेअर पडतो आणि छत खाली येतं.

मग 'द डे दॅट नेव्हर कम्स' शेवटपर्यंत. पाचव्या मिनिटानंतर दोन्ही गिटारी हातात हात घालून धावतात तिथे फक्त उजव्या हाताकडे लक्ष दिलं. खिळे सगळे जागेवर आहेत. एकही हुकलेला नाही.

मंद्रसप्तक, खेळातली आवृत्ती ऐकायचं कधीपासून राहिलंय, या शनिवारी तीच लावतो. ठेका, 'ब्रोकन, बीट अँड स्कार्ड'मधले ते बास ड्रमचे ठोके तिच्यात सापडतात का ते इथे येऊन लिहीन.